एकाच रुळावर दोन अंमल

पेणवरून जाणारा लोहमार्ग रोह्यास पोहोचला, की मध्य रेल्वेचा अंमल संपून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते, रूळ मात्र अखंड राहतात. एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स नांदविण्याची वहिवाट मला या सरहद्दीवरूनच उमगली. जुन्या पद्धतीत हार्ड डिस्कचा पहिला कप्पा अवघा ५१२ बाइटांचा, त्यातले ४४६ आरंभाच्या आज्ञांसाठी आणि उरलेल्यांत चारच मुख्य विभागांची नोंद. मागाहून आलेले विंडोज तेथील आज्ञा न विचारता पुसून आपला शिक्का उमटवी, म्हणून विंडोज आधी व लिनक्स नंतर हा क्रम रूढ झाला, आणि तो योग्यच होता. २००४ साली अवतरलेल्या उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या सीडी टपालाने विनामूल्य येत, त्या काळी संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर ग्रब या निवड-यादीची पांढरी अक्षरे उमटत, सेकंद उलटे मोजले जात, आणि तेवढ्या अवधीत बाणाची कळ दाबून अंमल निवडावा लागे.