रेडिओ बारीक कर

चला, चपला घट्ट करा. कारंज्याहून धनजला जाणारी लाल एसटी धरायची आहे. तारीख २८ एप्रिल १९७६. जिल्हा अकोला, वाशिम जिल्हा व्हायला अजून बावीस वर्षं आहेत.

आत पाय टाकताच पत्र्याची धग अंगावर येते. लग्नसराई आहे, उभं राहायलाही जागा नाही. तुमच्या पायावर कुणाची ट्रंक, खांद्यावर कुणाचं पेंगलेलं लेकरू, नाकात डिझेल, घाम आणि खोबरेल तेल. खिडकीतून येणारा वारासुद्धा भाजतो. बाहेर काळं रान भेगा पडून पडलेलं, आणि वाटेतल्या एका भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं: ‘बातें कम, काम ज्यादा’.

धनजला उतरा, चहा घ्या. या बाकड्यांवर एरवी कापसाच्या भावापासून दिल्लीच्या गादीपर्यंत सगळ्यांचं उणंदुणं निघायचं. आज फक्त कपबशा वाजतायत. कुणीतरी विषय काढतो: मास्तरांना म्हणे नसबंदीच्या केसेस आणून द्याव्या लागतात. लगेच शेजारचा त्याचा गुडघा दाबतो. “कायले बोलतं बाप्पा? मिसात जाशीन.” बोलणारा गप्प होतो, बिडी पेटवतो. तुमच्याकडेही दोघे-तिघे वळून बघतात. नवा माणूस आहे, कुणाचा आहे कोण जाणे.

संध्याकाळी ज्या घरी तुम्ही पाहुणे आहात, तिथे चुलीत पऱ्हाट्या तडतडतायत. ज्वारीची गरम भाकर, वरण, जीभ पोळणारा ठेचा. माय आग्रहाने वाढते. पण पंगतीत एक पाट रिकामा आहे. त्यांचा थोरला दहा महिने झाले, नागपूरच्या तुरुंगात आहे. एका रात्री जीप आली आणि घेऊन गेली. जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या सहीचा कागद होता, कारण नव्हतं. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली कारण सांगावंच लागत नाही. पत्रं येतात, पण आधी तिसऱ्याच माणसाने वाचून.

जेवणं झाली की बाहेर बाजा टाकायच्या, अंगणात वाऱ्याला पडायचं, असे हे दिवस. पण इथे उलटंच घडतं. सगळे आत येतात, दार लागतं, खिडकी लागते. वैशाखाच्या तोंडावर, विदर्भात! भिंतीतून दिवसभराची आग बाहेर पडतेय, घाम मानेवरून पाठीत उतरतोय. “रेडिओ बारीक कर,” म्हातारे बाबा म्हणतात. खरखरीतून बीबीसीचा आवाज वर येतो, बुडतो, पुन्हा येतो. सगळ्यांची डोकी ट्रान्झिस्टरला टेकलेली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागलाय. अटकेतल्या माणसांच्या अर्जांची दखल घेता येते, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. आज चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद झालं. वेगळं मत देणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना.

बाबा बराच वेळ पंचाने मान पुसत राहतात. मग म्हणतात, “म्हंजे काऊन नेलं, हे इचारायचंबी नाही?”

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली देशभरात १ लाख १० हजारांवर माणसं आत गेली. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली, दारं-खिडक्या उघडल्या. वाशिम मतदारसंघाने तेव्हाच्या लोकसभा निवडणुकीतही काँग्रेसच्या वसंतराव नाईकांनाच निवडून दिलं. हरकत नाही, बाकड्यांवर त्याबद्दल कडाक्याचं भांडण होऊ शकलं, हीच खरी मोकळीक होती. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकालच रद्दबातल केला. तेव्हा दार बंद करणाऱ्या चौघा न्यायमूर्तींपैकी एक होते यशवंत चंद्रचूड; रद्द करणारा शब्द लिहिला त्यांचे पुत्र धनंजय यांनी.

आता परत या. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. सुरक्षा हवीच, घातपाताचं भय खोटं नसतं. पण असा कोणताही कायदा हातात घ्याल तेव्हा त्यात बाबांच्या प्रश्नाला उत्तर आहे का, ते आधी शोधा. माणसाला नेलं तर कारण सांगावं लागेल का, आणि ते कारण तपासायला न्यायाधीश असेल का? ही दोन कलमं भक्कम असतील, तरच तो कायदा धनजच्या माणसालाही सुरक्षित ठेवील.