कातरीचं कूळ, मांडवाचं कूळ

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत अंगण ही आता चैन झाली आहे. निवृत्ती चौकातून कुठल्याही गल्लीत शिरा, बहुतेक दारांची पायरी थेट रस्त्यावर उतरते. पायरीशेजारच्या दोन कुंड्या, जिन्याखालची तुळस आणि गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली रोपं, एवढीच इथली बाग. झाडाला आकार द्यायची हौस आली की माणूस नर्सरीतून गोल कापलेला फायकस आणतो. दोन पावसांत गोळ्याचा झाप होतो आणि हौस फिटते. झाडाला आकार द्यायचा म्हणजे ते कातरायचं, असं आपण धरून चालतो, तिथेच गफलत होते. या कलेला टोपिअरी म्हणतात आणि तिची घराणी दोन आहेत. एक कातरीचं, दुसरं वेल चढवण्याचं. लेखी पुराव्यात दुसरंच थोरलं ठरतं.

इ.स.पू. 54 मध्ये रोमन वक्ता सिसेरो आपल्या भावाच्या, क्विंटसच्या, मळ्यांवरची बांधकामं पाहून आला आणि त्याला पत्रातून खुशाली कळवली. त्यात माळ्याची तारीफ आहे. या पठ्ठ्याने घराच्या जोत्यावर आणि ओसरीच्या खांबांमधून आयव्हीची वेल अशी चढवली होती, की तिथले झगे पांघरलेले ग्रीक पुतळेच बागकाम करून आयव्ही विकायला उभे आहेत, असं सिसेरोला वाटलं. अशा शोभेच्या बागा राखणाऱ्या माळ्याला रोमन लोक 'टोपिअरियस' म्हणत. पत्रात वेल आहे, आधार आहे, कातरीचं नाव नाही.

कातर येते ती थोरल्या प्लिनीच्या निसर्गविषयक ग्रंथात, इ.स. 77 च्या सुमाराला. छाटलेल्या वनराईची टूम सम्राट ऑगस्टसचा स्नेही गायस मॅटियस याने काढली आणि तिला 80 वर्षंही झाली नाहीत, असं तो सांगतो. सायप्रसच्या झाडांतून शिकारीचे देखावे आणि जहाजांचे ताफे कापून काढत, हेही त्यानेच नोंदवलं आहे.

पुढे युरोपात कातरीनेच राज्य केलं. बॉक्स आणि यू ही तिकडची झुडपं सावकाश वाढणारी, बारीक पानांची आणि बारमाही हिरवी, त्यामुळे एकदा दिलेला आकार टिकून राहतो. इंग्लंडमधल्या लेव्हन्स हॉलची बाग 1690 च्या दशकात आखली गेली, ती आजही कातरली जाते. पण अति झालं तेव्हा हसंही झालं. 1713 मध्ये कवी अलेक्झांडर पोपने झाडांच्या पुतळ्यांची एक खोटी विक्रीयादीच छापली. त्यात यूच्या झाडाचा आदम होता, वादळात ज्ञानवृक्ष अंगावर पडून जरा मोडलेला. ईव्ह आणि साप मात्र जोमात होते. पुढच्या काळात इंग्रज धनिकांनी कापलेली झाडं उपटून बागा मोकळ्या, रानासारख्या केल्या. एकोणिसाव्या शतकात हा शौक तिकडे पुन्हा डोकं वर काढू लागला.

आपल्याकडे हे घराणं सार्वजनिक बागांतून रुजलं. त्याचं सगळ्यांनी पाहिलेलं ठिकाण म्हणजे मुंबईचं हँगिंग गार्डन, आजचं फिरोजशहा मेहता उद्यान. मलबार हिलवरच्या जलाशयाच्या माथ्यावर 1881 च्या सुमारास ही बाग आखली गेली. मुंबई पाहायला गेलेल्या कितीतरी मराठी मुलांनी झुडपांचे प्राणी पहिल्यांदा पाहिले ते इथेच. पण आपल्या हवेत कुंपणाची मेंदी आणि ड्युरांटा पावसाळ्यात बेफाम सुटतात. महिनाभर कातर फिरली नाही तर हत्तीची सोंड कुठली आणि पाय कुठले, ते कळत नाही. पगारी माळी असलेल्या बागेला हे परवडतं, पेठेतल्या नोकरदार घराला नाही.

दुसरं घराणं विसाव्या शतकात पुन्हा पुढे आलं. अमेरिकेत डिस्नेच्या बागांमध्ये 1960 च्या दशकापासून तारांच्या सांगाड्यावर झाडांची चित्रं उभी राहू लागली. आधी सांगाडा बनवायचा, मग त्यावर हिरवाई पांघरायची. नंतर सांगाड्यात शेवाळ भरून त्यात छोट्या वेली लावायची रीतही रुळली. जगाला हे नवल वाटलं असेल, पण दोडक्या-कारल्याच्या मांडवाखाली वाढलेल्या माणसाला त्यात नवीन ते काय? आधी आधार रोवा, वेल आपली वाट काढते. परड्यातला मांडव आडवा असतो, इथे तो उभा करून कुंडीत बसवायचा, एवढाच फरक.

आणि लोखंड वाकवायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये सहा मिलीमीटरच्या सळईची तीन-चार फुटी शंकूची चौकट सहज वळवून मिळते. तिच्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बाइंडिंग तारेने आवळायची. कुंडी जड हवी, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात सगळा डोलारा रस्त्यावर. घाई असेल तर जूनमध्ये कडेने गणेशवेलीचं बी टोचायचं. गणपतीच्या सुमाराला जाळी तिच्या पिसासारख्या पानांनी आणि लाल फुलांनी भरून जाते. हंगाम संपला की वेल वाळते, चौकट पुढच्या वर्षाला उरते. बारमाही हिरवं हवं असेल तर आत काथ्या आणि कोकोपीट भरून भिंतीला चिकटणारी बारीक पानांची फायकस वेल लावायची. उन्हाळ्यात तो काथ्या सुकू द्यायचा नाही. ही वेल जुनी झाली की मोठ्या पानांच्या आडव्या फांद्या टाकते, त्या तेवढ्या छाटायच्या. कातर इथेही लागते, पण आकार ती ठरवत नाही, चौकट ठरवते. हात चुकला तरी शंकू शंकूच राहतो.

धाकट्या प्लिनीने आपल्या तस्कनीतल्या बागेचं वर्णन करताना लिहिलंय, की बॉक्सच्या झुडपांतून अक्षरं कापली होती, कुठे मालकाचं नाव, कुठे माळ्याचं. शिवाजी पेठेतल्या पायरीवर एकच नाव पुरेल. चौकट वळवून आणणारा, बी टोचणारा आणि मिरवणारा माणूस इथे एकच असतो.