खूण ठेवणारा आणि खूण राखणारा



आज केडगावात बोलतोय, तेव्हा सुरुवात घरच्याच गोष्टीनं करतो. तीन वर्षांपूर्वी माझा नातू पुण्याहून हैदराबादला मोटारीनं निघाला होता. चौफुल्याला वळून आमच्याकडे जेवायला थांबला. निघताना त्यानं पिशवीतून घट्ट झाकणाचा एक डबा काढला. आत छोटी वही, पेन्सिल आणि चार गोट्या. म्हणाला, "आजोबा, हा आपल्या बांधावर लपवू का? जागेचे अक्षांश-रेखांश मी इंटरनेटवर टाकीन. कुणीतरी शोधत येईल, वहीत नाव लिहील आणि डबा होता तिथं ठेवून जाईल." या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. पुढे तो म्हणाला, "पण मी उद्या सोलापुरात, परवा हैदराबादला. वाटसरूला असा डबा ठेवू देत नाहीत. जवळ राहणारं कुणीतरी सांभाळायला लागतं. तुमचं नाव देऊ?"

मी हो म्हणालो. तो होकार मी फार सहज दिला. त्यात काय काय येतं, ते मला नंतर कळलं. आजचं व्याख्यान त्याबद्दलच आहे.

आधी खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या उपग्रहांवरून मिळणारा स्थानाचा संकेत सामान्य माणसासाठी मुद्दाम बिघडवून दिला जात असे. मे 2000 च्या सुरुवातीला तो बिघाड काढून टाकला. शंभर मीटरच्या आसपासची चूक दहा-वीस मीटरवर आली. लगेच 3 मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं एक बादली जमिनीत अर्धवट पुरली आणि तिचा ठावठिकाणा जाहीर केला. काही दिवसांतच ती लोकांना सापडली. आज तिथं ती बादली नाही, स्मृतिफलक आहे. पुढे नियम झाले: जमिनीच्या मालकाची परवानगी घ्या, खायचे पदार्थ ठेवू नका, खड्डा खणून पुरू नका, आणि डबा सांभाळण्याची सोय काय ते आधी सांगा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्टेशनजवळ असा डबा ठेवलात तर ती 'बेवारस वस्तू' होते आणि पोलीस येतात. म्हणून आमचा डबा आमच्याच बांधावर, बाभळीच्या बुंध्याशी गेला.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाचा माणूस हा खेळ का सांगतोय? कारण खूण लपवत लांबचा प्रवास करण्याचा फार मोठा उद्योग या देशात दोनशे वर्षांपूर्वीच झाला होता. विल्यम लॅम्बटननं 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली. तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो वीस वर्षं काम करत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 ला तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच, आपल्या वर्धा जिल्ह्यात आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. बिदरच्या बाजूनं मुंबईकडे जाणारी त्रिकोणांची एक साखळी आपल्या दख्खनातूनही गेली.

या त्रिकोणांची टोकं कशी राखली होती, ते ऐकण्यासारखं आहे. डोंगरमाथ्यावर दगडामातीचा चौथरा, आणि त्याच्या मधोमध वेगळा बांधलेला खांब. खांबाच्या माथ्यावरच्या दगडात एक वर्तुळ आणि मध्ये ठिपका. बरोबर त्याच ओळंब्यात, खाली गाडलेल्या दगडावर किंवा मूळ खडकावर दुसरा तसाच ठिपका. वरचा दगड कुणी उखडला तरी खालच्यावरून जागा पुन्हा मिळावी, हा हेतू. नोंदवहीत लिहीत: हे ठाणं अमुक गावच्या हद्दीत, तमुक गाव इतक्या मैलांवर, अमुक दिशेला. नातवानं इंटरनेटवर टाकलेली माहिती आणि ही नोंद यांत मला फारसा फरक दिसत नाही.

पण मोजणीदार तर पुढच्या डोंगरावर निघून जाणार. मागे राहणार कोण? गावचा पाटील. ठाणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या आणि गावमुखंडांच्या हवाली केली जात, आणि ती शाबूत आहेत का हे जिल्ह्यातून कळवलं जाई. नकाशावर नावं राहिली ती मोजणाऱ्यांची. 1865 साली जगातल्या सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. गुराख्यांना चौथऱ्याचे दगड उपसू न देणारा पाटील कुठल्याच नकाशावर नाही. तरीही तो नसता तर मागून येणाऱ्याला नोंदवहीचा काय उपयोग होता?

हीच गोष्ट आपल्या दारातही घडली. 1835-36 मध्ये शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतवार मोजणीची नवी पद्धत बसवली. त्याच पद्धतीनं पुढे आपला भीमथडी तालुका मोजला गेला. शेताला नंबर मिळाला, कोपऱ्यावर हद्दीचा दगड आला. मोजणारे आले आणि गेले, दगड राखायची जबाबदारी मात्र जमीनधारकावर पडली. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही ती तशीच आहे. बांधावरचा दगड सरकला की भाऊबंदकी कोर्टात जाते, हे तुम्हांला मी काय सांगू!

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं प्रसिद्ध उदाहरण. धूर ही अग्नीची खूण. तिची देखभाल कुणाला करावी लागत नाही. दगडावरचा ठिपका मात्र स्वतःहून काहीच सांगत नाही. त्याचा अर्थ जाणणारा आणि तो जागेवर ठेवणारा माणूस असेपर्यंतच ती खूण असते. त्यानंतर तो नुसता दगड.

हे वर्गात सांगणं सोपं होतं. पहिल्या पावसाळ्याआधी मी बांधावर जाऊन डबा पाहून आलो. दुसऱ्या वर्षी घरी आजारपण निघालं आणि आठ महिने मी तिकडे फिरकलो नाही. मधल्या काळात शेजारच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं होतं. त्या आचेनं झाकण वाकलं, मग पावसाचं पाणी आत गेलं. मी गेलो तेव्हा वहीचा लगदा झाला होता. त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी होती: वही भिजलीय, नाव लिहिता आलं नाही, नवी ठेवाल का? खाली सही नव्हती. कोण कुठून वाट वाकडी करून आलं होतं, कुणास ठाऊक. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण मी त्याला दिलेला शब्द मोडला होता. आधी येऊन गेलेल्यांची नावंही त्या लगद्यात गेली. ती आता परत मिळणार नाहीत.

त्या दिवशी मला हिंगणघाटची आठवण झाली. चूक प्रवाशाची नव्हती. नातवानं नियमानं विचारलं होतं, आणि हो म्हणणारा मी होतो.

आता डबा नवा आहे, वहीही नवी आहे. माझं वय पाहता एवढ्यावर भागणार नाही, म्हणून शेजारचा आठवीतला मुलगा दर वेळी बरोबर येतो. गेल्या वेळी त्यानं विचारलं, "सर, लोक येतात आणि जातात, मग आपण का जायचं?" मी म्हटलं, "त्यांना यायला काहीतरी जागेवर असावं म्हणून." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग बाभळीभोवतीचं पाचट त्यानं आपणहून हातभर मागे ओढलं. हे मला सुचलं नव्हतं.

इथंच थांबतो.