स्त्रियांचा बंदिवास आणि विरेचनाची मर्यादा

मराठी तुरुंगसाहित्याची परंपरा प्रतिष्ठित आहे. मंडालेच्या तुरुंगातील 'गीतारहस्य', धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी सांगितलेली व साने गुरुजींनी टिपून घेतलेली 'गीता प्रवचने', नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहून झालेली 'श्यामची आई' या ग्रंथांमुळे बंदिवास म्हणजे साधना, अशी धारणा रूढ झाली. लेखनाने बंदिवानाचे मन सावरते, हे गृहीतकही तिच्यातूनच आले. परंतु या लेखकांपाशी अक्षर, कागद आणि बाहेर वाट पाहणारा वाचक होता. ज्या स्त्रीपाशी यांपैकी काहीच नाही, तिचे विरेचन कसे व्हावे?

आणीबाणीत अकोल्याच्या तुरुंगात हा प्रश्न उघडा पडतो. समाजवादी नेत्या मृणाल गोरे तेथे एकांत कोठडीत होत्या. शेजारी एक कुष्ठरुग्ण स्त्री होती आणि जवळच एक मनोरुग्ण स्त्री सतत ओरडत असे. त्याच काळात येरवड्याला स्थानबद्ध असलेल्या प्रमिला दंडवते आणि बंगळूरच्या तुरुंगातील मधु दंडवते यांचा पत्रव्यवहार चालू होता. तपासनिसाच्या नजरेखालून जाणारी ती पत्रे दोघांचाही आधार होती. अकोल्यातील त्या दोन स्त्रिया मात्र दुसरीच्या हकीकतीत शेजारणी म्हणून येतात. त्यांचे स्वतःचे कथन नाही. ओरडणे ऐकू येते. त्याची संहिता होत नाही.

ती उणीव काही अंशी वेगळ्याच लेखनाने भरून काढली. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील १५ स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ते याचिका मानून न्यायालयाने १९८३ साली कायदेशीर साहाय्याचे आणि स्त्री आरोपींसाठी स्वतंत्र कोठड्यांचे आदेश दिले. त्यांच्याच दुसऱ्या याचिकेवर १९९३ साली, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा ठरले. त्या पत्राला कोणी साहित्य म्हणणार नाही. पण तुरुंगातील स्त्रियांचे बोलणे त्यामुळे दखलपात्र झाले.

जात्यावरची ओवीही एकटीची नसते. खुंट्याला दुसरा हात लागतो, पहिलीची ओळ दुसरी उचलते आणि मगच दुःख हलके होते. तुरुंगातील स्त्रियांसाठी काव्यलेखनाचे वा चित्रकलेचे उपक्रम योजताना, आणि त्यांतून आलेली निर्मिती वाचताना, या ऐकणारीचा विचार प्रथम व्हायला हवा. केवळ वही-पेन्सिल देऊन ती जागा भरत नाही.