विसापैकी अठरा

दहावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मला विसापैकी अठरा मार्क होते. वर्गात जवळजवळ सगळ्यांनाच सतरा ते एकोणीसच्या मधले होते. २०१३चा फेब्रुवारी, समुद्रपूर तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा, व्हरांड्यात एक टेबल. सरांनी नाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं, पुस्तकातल्या चार ओळी वाचायला लावल्या आणि म्हणाले, "जाय, पुढच्याला पाठव." कागदोपत्री त्या वीस मार्कांत ऐकण्याची आणि बोलण्याची परीक्षा व्हायची होती. ऐकण्याचं म्हणाल तर मी त्या दिवशी दोन इंग्रजी वाक्यं ऐकली, आणि दोन्हींची उत्तरं मला पाचवीपासून पाठ होती.

सरांवर राग नाही. अठरा हातात असले की पास व्हायला ऐंशीच्या पेपरात सतरा पुरत. सोयाबीनच्या हंगामात महिनाभर शाळेत न दिसणारी पोरं त्या अठरांच्या जोरावर दहावी पास झाली आणि आज चार पैसे कमावतात. मला ते अठरा महाग पडले, पण ते कळायला अडीच वर्षं जावी लागली.

२०१५मध्ये नागपूरला इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्याच आठवड्यात इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचा तास. सर काही साहेबी इंग्रजी बोलत नव्हते, आपल्याकडच्याच माणसाचं इंग्रजी होतं. तरी मला काही कळेना. फळ्यावर लिहिलेला शब्द ओळखीचा वाटायचा, तोच हवेतून आला की परका. शेजारी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधला मुलगा भराभर लिहून घ्यायचा. संध्याकाळी होस्टेलवर त्याची वही वाचायचो, तेव्हा सगळं समजायचं. म्हणजे मला इंग्रजी वाचता येत होतं. ऐकता येत नव्हतं. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाला हे अठराव्या वर्षी कळतं, कारण तोवर कुणी तपासलेलंच नसतं. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. घरी सांगितलं, पेपर कठीण होते.

बरेच दिवस मला वाटायचं की हा माझा, फार तर माझ्या शाळेचा दोष. मग नोकरी लागल्यावर, कोडिंगच्या मधल्या रिकाम्या वेळात शिक्षणाच्या इतिहासाचं काही ना काही वाचायची सवय लागली, तेव्हा १९०२चा भारतीय विद्यापीठ आयोग भेटला. लॉर्ड कर्झनने नेमलेला, थॉमस रॅले अध्यक्ष असलेला हा आयोग. त्याच्या अहवालात एक तक्रार आहे: मॅट्रिक झालेली मुलं कॉलेजात येतात तेव्हा त्यांना इंग्रजीतली व्याख्यानंच समजत नाहीत. ते वाचून मी लॅपटॉप मिटला आणि चहा प्यायला गेलो. माझ्या मेकॅनिक्सच्या तासाचं वर्णन एकशे तेरा वर्षं आधी सरकारी अहवालात येऊन गेलं होतं.

हे असं का झालं असावं हे समजायला थोडं आणखी मागे जावं लागतं. १८५४चा वुडचा खलिता, त्यातून १८५७मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तीन विद्यापीठं. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ची. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. आमच्या वर्ध्याकडचा मामला वेगळा. १८६२मध्ये नागपूर जिल्ह्यातून तोडून वर्धा जिल्हा झाला, तो मध्य प्रांतात. नागपूरची कॉलेजं आधी कलकत्त्याला, मग अलाहाबादला जोडलेली. स्वतःचं विद्यापीठ नागपूरला मिळालं १९२३मध्ये. म्हणजे आमच्याकडच्या इंग्रजी शिकणाऱ्या पहिल्या पिढ्यांचे पेपर शेकडो मैल दूर तपासले जात.

माझ्या मते सगळी मेख या अंतरात आहे. विद्यापीठ म्हणजे तेव्हा प्रामुख्याने परीक्षा घेणारी कचेरी. शेकडो मैलांवरच्या मुलाची परीक्षा घ्यायची तर त्याचा कागद प्रवास करू शकतो, कान करू शकत नाही. मग भाषांतर, व्याकरण, निबंध, उताऱ्यावरचे प्रश्न, जे जे कागदावर मावतं ते ते परीक्षेत आलं. आणि परीक्षेत जे असतं तेच वर्गात शिकवलं जातं, हे कुठल्याही मास्तरला विचारा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत होती ती काय उगाच? ती इंग्रजी शिकवायची आणि उत्तम शिकवायची, पण कागदावरचं.

तिकडे विलायतेत काय चाललं होतं? १९१३मध्ये केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. बारा तासांची परीक्षा, तीन उमेदवार, आणि तिघेही नापास. मला यातला निकाल जितका गमतीचा वाटतो तितकीच महत्त्वाची वाटते ती तिची रचना. भाषांतर आणि निबंध होतेच, पण शिवाय श्रुतलेखन होतं, मोठ्याने वाचन होतं, संभाषण होतं. समोर तीनच माणसं असली की हे सगळं परवडतं. दरवर्षी हजारो पोरं बसणाऱ्या मॅट्रिकला कसं परवडणार?

वाचनाची गोष्ट त्यातल्या त्यात बरी असेल असं वाटतं. तीही नाही. भारतीय शिक्षण सेवेतला मायकल वेस्ट नावाचा माणूस ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. त्याने १९२६मध्ये बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर एक मोठा अहवाल लिहिला. त्याचं म्हणणं असं की सामान्य मुलाला इंग्रजीत बोलायची वेळ क्वचितच येते. त्याला खरी गरज आहे ती वाचून ज्ञान मिळवण्याची, तेव्हा आधी वाचायला शिकवा. मोजक्या शब्दांची, हळूहळू चढत जाणारी वाचनमाला त्याने त्यासाठी तयार केली. मला वेस्ट आवडतो, कारण त्याने मुलाला इंग्रजी कशासाठी लागणार हा प्रश्न आधी विचारला. आमच्या पेपरांनी मात्र वाचनाची वेगळीच वाट लावली. एक उदाहरण देतो, माझ्या मनचं. समजा उताऱ्यात वाक्य आहे: 'द टिंबल ग्राफ्ड द मोरिक.' प्रश्न: 'हू ग्राफ्ड द मोरिक?' उत्तर लिहा: 'द टिंबल.' पूर्ण गुण. टिंबल म्हणजे काय आणि त्याने मोरिकचं काय केलं हे तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. हे शब्द मी आत्ता बनवले. आम्ही दहावीपर्यंत वाचनाचे मार्क मुख्यतः याच युक्तीने मिळवले. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवायची. आता संगणकाला हेच काम सांगायचं तर दहा ओळींचा प्रोग्रॅम पुरेल.

'असर'च्या पाहणीत मुलाने वाक्य वाचलं की पुढे अर्थही विचारतात, तो याचसाठी असावा. चौदा ते अठरा वयाच्या मुलांची २०२३ची पाहणी सव्वीस राज्यांतल्या अठ्ठावीस जिल्ह्यांत झाली. त्यात ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. उरलेली चौथाई आमच्या टिंबलवाल्यांची.

या सगळ्या इतिहासात वर्ध्याचं नाव एकदा ठळकपणे येतं, तेही इंग्रजीच्या विरुद्ध बाजूने. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, माध्यम मातृभाषा, मध्यभागी हातउद्योग, असे ठराव झाले आणि झाकिर हुसेन समितीने त्यांचा आराखडा केला. हीच नई तालीम. पुढच्या वर्षी 'हरिजन'मध्ये गांधीजींनी लिहिलं की अंकगणित, भूमिती, बीजगणित, रसायन, खगोल यांतलं जे शिकायला त्यांना इंग्रजीतून चार वर्षं लागली, ते गुजरातीतून एका वर्षात झालं असतं. मेकॅनिक्सच्या तासाला बसलेल्या मला हा हिशेब कुणी तेव्हा सांगितला असता तर मी टाळी दिली असती. आमच्या गावापासून तास-दीड तासावर हे घडलं, आणि शाळेत आम्हाला सेवाग्रामची सहल घडली, चरखा दाखवला गेला. हा हिशेब कुणी सांगितला नाही.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजी कधी सुरू करायचं यावर महाराष्ट्राने फार शक्ती खर्च केली. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतलं इंग्रजी काढलं, ते पुढे परत आलं, त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. वर्धा जिल्हा १९५६पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, मग १९६०ला महाराष्ट्रात. २०००मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना इंग्रजी पहिलीपासून आलं. मी त्याच निर्णयाचं पोर. कोणत्या इयत्तेपासून, या प्रश्नावर सरकारं हलली. शेवटी तपासायचं कसं, हा प्रश्न शिक्षकांच्या टेबलावर तसाच पडून राहिला. मधे काही चांगले प्रयत्नही झाले. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने रेडिओवरून शाळांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' चालवलं. त्यात निदान मुलांच्या कानावर इंग्रजी पडत होतं. पण त्याची परीक्षा नव्हती, आणि ज्याची परीक्षा नाही त्याला आपल्याकडे विषय म्हणत नाहीत.

मग आले ते शाळेच्या हातातले वीस मार्क. कल्पना वाईट नव्हती. ज्या शिक्षकाला मूल रोज दिसतं, त्यानेच ऐकणं-बोलणं तपासावं. फक्त त्याच शिक्षकाच्या निकालावर शाळेचं नाव ठरतं, हे कुणी लक्षात घेतलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रत्येक बदलाबरोबर टेस्ट लिहितो. डेडलाइन जवळ आली की एखादा वैतागलेला मुलगा अशी टेस्ट लिहून ठेवतो, जी काहीही झालं तरी पासच होते. स्क्रीन हिरवीगार दिसते. बिघाड असतो तिथेच असतो, फक्त तो आता ग्राहकाच्या घरी जाऊन कळतो.

सरकारच्याही ते लक्षात आलं असावं. २०१८-१९ला नवा अभ्यासक्रम आला तेव्हा दहावीच्या भाषांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले आणि पेपर पूर्ण शंभरांचा केला. मार्च २०१९चा निकाल लागला ७७.१० टक्के. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. सगळ्या विभागांत तळाला आमचा नागपूर विभाग, ६७.२७ टक्के. त्या जूनमध्ये मी गावी होतो. आमच्या आळीतली दोन मुलं नापास झाली होती आणि त्यातल्या एकाची आई मला विचारत होती, "बापू, पोरगं तर रोज शाळेत जाय, मंग असं कसं झालं?" तिला काय सांगणार? की पोरगं तेच आहे, गेल्या वर्षीच्या पोरांइतकंच त्याला येतं, फक्त खालची वीस मार्कांची वीट काढून घेतली?

अर्थात एकट्या त्या विटेमुळेच निकाल पडला असं म्हणणं बरोबर नाही. पुस्तक नवं होतं, पेपरचा साचाही नवा होता. पण ओरड झाली ती मुख्यतः त्या विसांची. इतर बोर्डांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात आणि आमची मुलं अकरावीच्या प्रवेशात मागे पडतात, ही तक्रार खरीच होती. त्याच वर्षी वीस गुण परत आले. २०२०चा निकाल: ९५.३० टक्के. या सबंध गोंधळात ऐकण्याच्या परीक्षेबद्दल मी कुठे काही वाचलं नाही. गुण काढले तेव्हाही ऐकणं तपासलं गेलं नाही, आणि परत दिले तेव्हाही वाद मार्कांचाच होता.

मान्य, हे सोपं नाही. आपल्या दहावीला सोळा-सतरा लाख मुलं बसतात. सगळ्यांना एकाच वेळी एकच ध्वनिफीत ऐकवायची तर प्रत्येक खोलीत बरा स्पीकर हवा, वीज हवी, आणि बाहेर डीजे नको. सीबीएसईने मधे काही वर्षं मुलांना ध्वनिफीत ऐकवून परीक्षा घेतली, तीही बंद केली. पण आमच्या कंपन्यांना हे जमतं. कॅम्पसला आलेल्या कंपनीने मला हेडफोन लावून बसवलं. वाक्य एकदाच ऐकू यायचं आणि ते जसंच्या तसं परत म्हणायचं. हा प्रकार पोपटपंची वाटतो, पण तसा नाही. आठ-दहा शब्दांचं वाक्य नुसतं आवाज म्हणून डोक्यात राहत नाही, अर्थ लागला तरच राहतं. टिंबलची युक्ती तिथे चालत नाही. मी पहिल्या दोन कंपन्यांत तिथेच गळलो. तिसऱ्या खेपेआधी चार महिने रोज रात्री क्रिकेटची इंग्रजी कॉमेंटरी चित्र झाकून ऐकत होतो.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मामेबहीण आली होती. ती यंदा दहावीत आहे, वर्गात पहिली. तिला मी एक सोपा उतारा वाचायला दिला. बसच्या वेळापत्रकाचा. पाचही प्रश्न बरोबर. मग तसाच दुसरा उतारा मोबाइलवर ऐकवला. तिने भाडं लिहिलं पंधरा रुपये, होतं पन्नास. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक शेवटच्या अक्षरापेक्षा जोर कुठे पडतो यात जास्त असतो, आणि पुस्तकात जोर छापत नाहीत. बस सुटण्याची जागा तिने मोकळीच सोडली होती.

"दादा, पुन्हा लाव न."

पुन्हा लावला. तिने जागा लिहिली, भाडं तसंच ठेवलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं आणि पंधरा खोडून पन्नास केलं. मग पेन टोपणात घालत तिने विचारलं, "बोर्डात हे कितीदा लावतात?"