बंद पडलेला प्लग आणि खुले फर्मवेअर

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या खांडबाऱ्यात एका शिक्षकांनी माझ्यासमोर पांढऱ्या प्लास्टिकचा प्लग ठेवला. फोनवरून दिवा चालू-बंद करण्यासाठी तो शाळेने घेतला होता. प्लग जळलेला नव्हता, तरी निरुपयोगी झाला होता. कारण तो विकणाऱ्या कंपनीने आपली इंटरनेट-सेवा गुंडाळली होती. दिवा हाताच्या अंतरावर, पण त्याला हुकूम द्यायचा तो कुठल्या तरी दूरदेशीच्या संगणकाने! आत पाहिले तर ईएसपी-८२६६ ही चिप निघाली. ती ठणठणीत होती. निकामी झाला होता तो तिच्या स्मृतीत भरलेला मजकूर, म्हणजे फर्मवेअर.

हा मजकूर सामान्य माणसाला बदलता यावा, या प्रयत्नाचा इतिहास फार जुना नाही. इटलीतल्या इव्रेआ येथे हर्नान्डो बर्रागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने २००३ मध्ये 'वायरिंग' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यावरूनच २००५ मध्ये स्वस्त एटीमेगा-८ चिपवर 'आर्डुइनो' उभा राहिला. श्रेय मात्र बहुतेक आर्डुइनोलाच मिळाले. बर्रागानचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसते, हे मला खटकते. आपल्याकडे आय.आय.टी. मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पातला 'फायरबर्ड-५' हा यंत्रमानवही याच कुळातल्या एटीमेगा-२५६० वर चालतो. या पद्धतीत संगणकावर सी++ मध्ये लिहायचे, त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करायचे आणि ते चिपवर चढवायचे. एक अंक बदलला तरी पुन्हा सगळे पहिल्यापासून.

२०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ बाजारात आली. अगदी थोड्या पैशांत वाय-फाय! त्याच वर्षी तिच्यासाठी 'नोडएमसीयू' हे ब्राझीलमध्ये जन्मलेल्या लुआ भाषेतले फर्मवेअर निघाले. त्याआधी, २०१३ मध्ये, डेमियन जॉर्ज या भौतिकशास्त्रज्ञाने लोकवर्गणीतून 'मायक्रोपायथॉन' सुरू केले होते. पुढे तेही या चिपवर आले. इथे ओळ टाइप केली की लगेच दिवा लागतो, त्यामुळे चूक तिथल्या तिथे दिसते. वर्गात शिकवायला मी हेच निवडीन. मात्र पायथॉनचा दुभाषा स्वतःच स्मृतीतली बरीच जागा अडवतो, म्हणून मोठा कार्यक्रम ईएसपी-८२६६ वर लवकर अडखळतो.

नेदरलँड्सच्या थिओ आरेंड्स यांचे 'टॅस्मोटा' वेगळ्या गरजेतून आले. बाजारातल्या तयार वाय-फाय स्विचांतले फर्मवेअर काढून आपले घालावे, हा त्यांचा उद्योग. टॅस्मोटात कार्यक्रम लिहावा लागत नाही. स्विच स्वतःच एक पान दाखवतो आणि त्यावर आपण पर्याय निवडायचे. २०१८ च्या सुमाराच्या 'ईएसपीहोम'मध्ये आपण जोडणीचे वर्णन लिहितो आणि फर्मवेअर त्यावरून तयार होते. टॅस्मोटाच्या परवान्यानुसार, बदललेले फर्मवेअर कोणी वाटले तर त्याचा स्रोतही द्यावा लागतो. मायक्रोपायथॉनच्या परवान्यात असे बंधन नाही. आणि एक गोष्ट लपवू नये. या सर्वांत वाय-फाय सांभाळणारा भाग चिपच्या कंपनीकडून बंद स्वरूपातच येतो. 'खुले' म्हणजे पूर्ण उघडे नव्हे.

खांडबाऱ्याच्या प्लगवर आम्ही टॅस्मोटा चढवले. (प्लग भिंतीतून पूर्ण काढून, बाहेरून ३.३ व्होल्ट देऊन. आतला भाग मुख्य विजेपासून अलग केलेला नसतो. सॉकेटमध्ये असताना तारा जोडणे जिवावर बेतू शकते. विद्यार्थ्यांना हे काम देऊ नये.) इंटरनेटविना, शाळेच्या राउटरवरून, दिवा लागला.

मग सरांनी ठरल्या वेळी दिवा लावायचे ठरवले आणि नवी अडचण पुढे आली. वीज गेली की चिप वेळ विसरते आणि योग्य वेळ तिला इंटरनेटवरून घ्यावी लागते. बॅटरीवर चालणारे डीएस-३२३१ घड्याळ जोडता येते, पण प्लगच्या आत ते जोडणे धोक्याचे. म्हणून प्लग तसाच ठेवून एक सुटा नोडएमसीयू बोर्ड घेतला आणि त्यावर मायक्रोपायथॉन चढवले. घड्याळ आणि डीएस-१८बी२० तापमापक जोडून बोर्ड फोनच्या चार्जरवर चालवला. आता दर पंधरा मिनिटांनी वेळ आणि तापमान चिपमधल्या फाइलीत लिहिले जाते. आठवी-नववीची मुले ते वहीत उतरवून आलेख काढतात. वीज गेलेल्या वेळी आलेखात खिंडार पडते, पण त्यानंतरचे बिंदू योग्य जागीच येतात.