लिज्जत पापड (श्री महिला गृहउद्योग)
स्त्रियांनी स्थापलेली व सभासद-भगिनींच्याच मालकीची पापड उत्पादक संस्था. गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग सुरू केला. ‘लिज्जत’ हे नाव १९६२ मध्ये घेतले. शाखेत भिजवलेले उडदाचे पीठ भगिनी घरी नेतात व लाटून वाळवलेले पापड परत देतात. त्यामुळे स्वयंपाकघर हेच कामाचे ठिकाण ठरते. लाटणावळ मिळतेच, शिवाय नफातोट्यातही वाटा असतो. रूढ अर्थाने ही सहकारी संस्था नव्हे (पहा : सहकार). १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली (पहा : ग्रामोद्योग). संस्थापक-सदस्य जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.